मेंदूतील मुके राखणदार

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, पांढुर्ण्याच्या जाम नदीत झेंडा लावलेला पळस रोवला जातो. एका तीरावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव. पळून जाणाऱ्या प्रेमी युगुलाची आख्यायिका सांगत दोन्हीकडचे लोक परस्परांवर गोटे फेकतात. दरवर्षी शेकडो जखमी होतात. काही वर्षी प्राणही गेले आहेत. प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले, पण लोकांनी गोटेच उचलले. डोक्याला टाके पडतात, आठवड्याने जखम भरते आणि घरची मंडळी निश्चिंत होतात. कवटीच्या आत मात्र काय चालू असते?

मेंदूत चेतापेशींच्या जोडीला जवळजवळ तितक्याच ग्लिया पेशी असतात. एकोणिसाव्या शतकात विर्खो या जर्मन वैद्याने त्यांचे बारसे केले. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थ सरस. चिकटवण्याचे सामान, एवढीच तेव्हा त्यांची किंमत! १९१९ साली स्पेनच्या देल रीओ-ओर्तेगा यांनी त्यांतील मायक्रोग्लिया वेगळी ओळखली. मेंदूची राखण तिच्याकडे असते.

बाळाच्या मेंदूत चेतापेशींना जोडणारे सांधे गरजेपेक्षा अधिक तयार होतात. सौंसर-पांढुर्ण्याचा बागाईतदार संत्र्याचे पानसोट काढतो, तशी मायक्रोग्लिया नको असलेले सांधे गिळून टाकते. मेंदूच्या काही भागांत ही छाटणी विशीतही चालू असते. नदीत उतरणारे कितीतरी तरुण याच वयाचे असतात.

गोटा बसला की हेच राखणदार धावतात. मायक्रोग्लिया मृत पेशी उचलते आणि दाह निर्माण करणारी द्रव्ये सोडते. ताऱ्याच्या आकाराच्या दुसऱ्या ग्लिया पेशी जखमेभोवती कुंपण घालतात. हा दाह उपकारकच असतो. परंतु तो वेळेवर शमला नाही, तर निरोगी चेतापेशीही होरपळतात. मृत्यूनंतर तपासलेल्या काही मेंदूंत, एकाच मोठ्या आघातानंतर कित्येक वर्षांनीही मायक्रोग्लिया खवळलेली आढळली आहे. डोक्याला जबर मार बसलेल्यांत उतारवयात स्मृतिभ्रंश अधिक आढळतो, त्याचे एक कारण हा धुमसता दाह असावा, असे शास्त्रज्ञ मानतात.

मग दाह औषधाने दाबून का टाकू नये? २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रॅश’ चाचणीत दहा हजारांवर जखमींना घेऊन स्टेरॉइडची परीक्षा झाली. औषध मिळालेल्यांपैकी सुमारे २१ टक्के, तर न मिळालेल्यांपैकी १८ टक्के रुग्ण दोन आठवड्यांत दगावले. अनेक वर्षे विश्वासाने दिले जाणारे औषधच घातक ठरले. राखणदारांना आवरावे केव्हा आणि किती, हे कोडे अजून सुटलेले नाही.

तोवर घरच्यांची दक्षता हेच मोठे औषध. मार बसल्यावर वारंवार उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी, झटके, असंबद्ध बोलणे, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे किंवा नाकाकानांतून पाणी येणे, यांपैकी काहीही दिसल्यास रुग्णाला तत्काळ इस्पितळात न्यावे. शुद्ध हरपली नाही म्हणून निर्धास्त राहू नये. आणि कपाळाला पट्टी बांधून मुलगा त्याच दिवशी पुन्हा नदीकडे निघाला, तर त्याला उंबरठ्यावरच अडवावे. सावरू पाहणाऱ्या मेंदूला दुसरा मार सोसवत नाही.