माजी विद्यार्थिनींचा सल्ला शाळेस हवा

मुलींच्या शाळेच्या नियामक मंडळास सल्ला कोणी द्यावा? पुढे केडगाव (ता. दौंड) येथे कार्य उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाचे सल्लागार न्या. रानडे व डॉ. भांडारकर १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादामुळे दूर झाले. त्याच सदनात शिकलेल्या आनंदीबाई कर्वे यांनी मात्र पुढे अनाथ बालिकाश्रमासाठी निधी जमविला.

शिक्षण हक्क कायद्यानुसार (२००९) शासकीय व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश पालक असतात. माजी विद्यार्थिनींचा उल्लेख त्या कलमात नाही. तरी शिरूर-दौंडच्या वाड्यावस्त्यांतून एसटीने येऊन नुकतीच दहावी झालेली मुलगीच स्वच्छतागृहाची अडचण, चुकलेली बस आणि मैत्रिणींनी शाळा का सोडली, हे नेमके सांगू शकते. मंडळाने अशा दोघी-तिघींस दरवर्षी बोलवावे, त्यांचे ऐकावे व काय केले ते त्यांना कळवावे.