प्रिंटरला कोणती आज्ञा कळते?

मोखाड्यासारख्या तालुक्यातल्या एखाद्या शाळेला कोणी जुना ठिपक्यांचा प्रिंटर (डॉट मॅट्रिक्स) भेट दिला, असे समजा. संगणकाला जोडल्यावर हजेरीक्रमांक आणि गुण व्यवस्थित छापले जातात. पण मुलांची नावे मराठीत छापायला घेतली, की पानेच्या पाने निरर्थक चिन्हांनी भरतात. 'प्रिंटर बिघडला' असा निर्णय लवकर होतो आणि यंत्र माळ्यावर जाते. वास्तविक प्रिंटर धडधाकट असू शकतो. त्याला न कळणारी आज्ञा दिली गेली, एवढेच घडलेले असते. हे कसे, ते आपण पाहू.

संगणक आणि उपकरण यांच्यामध्ये एक दुभाष्या असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. ही एक आज्ञावली असते. 'हे ठळक छाप' अशी आपली इच्छा असते. ती प्रिंटरला समजेल अशा आकड्यांत बदलणे हे ड्रायव्हरचे काम. एप्सन कंपनीने रूढ केलेल्या आज्ञांच्या भाषेत २७ आणि ६९ हे दोन आकडे एकामागून एक पाठवले, की पुढची अक्षरे ठळक उमटतात. २७ आणि ७० पाठवले, की ठळकपणा थांबतो. '२७' चा अर्थ असा, की पुढे येते ते अक्षर नाही, आज्ञा आहे.

पण सर्व प्रिंटर एकच भाषा बोलत नाहीत. एप्सनच्या ९ सुयांच्या प्रिंटरला २७, ६५, १२ असे पाठवले, तर दोन ओळींतले अंतर तत्काळ बदलते. आयबीएमच्या 'प्रोप्रिंटर' पद्धतीत तेच आकडे अंतर फक्त लक्षात ठेवतात. ते अमलात आणण्यासाठी पुढे २७ आणि ५० पाठवावे लागतात. आकडे तेच, परिणाम वेगळा.

आता मराठीकडे वळू. इंग्रजी अक्षरांचे आकार प्रिंटरच्या स्मृतीत कारखान्यातच भरलेले असतात. म्हणून 'ए' छापण्यासाठी ६५ हा एकच आकडा पुरतो. देवनागरीचे आकार बहुतेक जुन्या प्रिंटरांत नसतात. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने (स्थापना १९८८) 'जिस्ट' तंत्रज्ञानाद्वारे भारतीय लिप्या संगणकात आणल्या, आणि १९९१ साली 'इस्की' ही अक्षरांच्या संकेतांकांची भारतीय मानक पद्धती ठरली. परंतु संकेतांक ठरला म्हणून प्रिंटरच्या स्मृतीत आकार येत नाही. त्यामुळे देवनागरी ओळ ठिपक्यांचे चित्र म्हणून पाठवावी लागते.

हे किती मोठे काम आहे, ते हिशेबाने पाहा. २४ सुयांचा प्रिंटर एका इंचात १८० ठिपके या घनतेने छापतो आहे आणि ओळ ८ इंच लांब आहे. म्हणजे १४४० उभ्या रेघा झाल्या. प्रत्येक रेघेत २४ ठिपके, म्हणजे ३ बाइट. एकूण ४३२० बाइट. इंग्रजी ८० अक्षरांच्या ओळीला मात्र ८० बाइट पुरतात. मराठी ओळीसाठी ड्रायव्हर आधी २७, ४२, ३९, १६०, ५ हे पाच आकडे पाठवतो. २७ आणि ४२ म्हणजे 'चित्र येत आहे'; ३९ म्हणजे '२४ सुया, दाट छपाई'; १६० आणि ५ म्हणजे रेघांची संख्या, कारण ५ गुणिले २५६ अधिक १६० बरोबर १४४०. मागोमाग ते ४३२० बाइट येतात.

हेच आकडे ९ सुयांच्या प्रिंटरकडे गेले तर? '३९' हा प्रकार त्याला ठाऊक नाही. तो आज्ञा सोडून देतो, आणि मागून येणारे हजारो आकडे अक्षरे समजून छापू लागतो. निरर्थक चिन्हांची पाने येतात ती अशी.

मग ड्रायव्हरने प्रिंटरलाच का विचारू नये? जुन्या समांतर जोडणीतून माहिती मुख्यतः एकाच दिशेने जात असे. प्रिंटरकडून प्रत्येक बाइटची पोच येई, कागद संपल्याचा इशारा येई. पण पोचपावती म्हणजे पत्र मिळाले, वाचून समजले असे नव्हे. १९९४ साली आयईईई १२८४ हे मानक आले. त्यानुसार प्रिंटर आपला निर्माता, प्रतिमान (मॉडेल) आणि आपल्याला कळणाऱ्या आज्ञाभाषांची नावे सांगू शकतो. यूएसबीने जोडलेल्या प्रिंटरांतही हीच प्रथा पुढे चालू राहिली. मात्र भाषेचे नाव कळले, तरी त्या भाषेतली प्रत्येक आज्ञा कळेलच असे नाही. मराठी येते म्हणणाऱ्या प्रत्येकाला मोडी वाचता येत नाही, तसेच हे.

म्हणून चांगला ड्रायव्हर लिहिणारे लोक प्रत्येक प्रतिमानासाठी एक तक्ता ठेवतात. त्यात प्रत्येक आज्ञेपुढे चार गोष्टी हव्यात: माहितीपुस्तिका काय म्हणते, प्रत्यक्ष चाचणीत काय घडले, आज्ञा कळत नसल्यास दुसरा मार्ग कोणता, आणि चाचणी कोणत्या प्रतिमानावर झाली. ठळक छपाईची आज्ञा नसेल, तर तीच ओळ दोनदा छापता येते. २४ सुयांचे चित्र जमत नसेल, तर ८ ठिपक्यांच्या पट्ट्या एकाखाली एक छापून मराठी अक्षर पुरे करता येते. वेळ जास्त लागतो, पण नाव वाचता येते.

या तक्त्यात 'कळते' आणि 'कळत नाही' यांखेरीज तिसरी नोंद अत्यावश्यक आहे: 'अजून तपासले नाही'. ती जागा अंदाजाने भरली, की तक्ता खोटा होतो. मोखाड्यात नव्याने रुजू झालेले शिक्षक वारली किंवा ठाकरी बोलणारी मुले गप्प बसली म्हणून 'समजले' असे धरत नाहीत. विचारून, करवून घेऊन खात्री करतात. यंत्राच्या मौनाचाही अर्थ होकार असा घेऊ नये.

हा तक्ता विद्यार्थ्यांना स्वतः करता येईल. एका साध्या आज्ञावलीतून आकडे जसेच्या तसे प्रिंटरकडे पाठवावेत. मधल्या ड्रायव्हरने त्यांत बदल करता कामा नये. प्रथम २७ आणि ६४ पाठवून प्रिंटर मूळ स्थितीत आणावा. मग २७, ४२, ०, ८, ० आणि पाठोपाठ २५५, सहा वेळा १२९, पुन्हा २५५ असे पाठवावे. शेवटी १३ आणि १० पाठवून ओळ संपवावी. लहानशी चौकट उमटली, तर ८ ठिपक्यांची चित्र-आज्ञा कळते. चिन्हे उमटली, तर कळत नाही. १२९ च का? सर्वांत वरच्या सुईची किंमत १२८ आणि आठव्या सुईची १. दोन्ही उमटल्या, की चौकटीची वरची व खालची कड मिळते. चौकटीच्या वहीत 'ग' काढून त्याचे आठ आकडे मुलांना शोधू द्यावेत. द्विमान पद्धतीचा याहून चांगला धडा क्वचितच मिळेल.

ठिपक्यांचे प्रिंटर कालबाह्य झाले, असे मानण्याचे कारण नाही. बँकांच्या पासबुकांवर नोंदी करणारे अनेक प्रिंटर याच जातीचे आहेत, आणि त्यांतले कित्येक एकाहून अधिक आज्ञाभाषा जाणतात. कोणती वापरायची ते यंत्रावरच निवडावे लागते. निवड चुकली, की तिथेही चिन्हांचा पाऊस पडतो.

दुरुस्तीसाठी घाट चढून नाशिकला जाण्यापूर्वी, किंवा यंत्र भंगारात देण्यापूर्वी, एवढे एक पान भरून पाहावे. दोष यंत्रात आहे की त्याच्याशी बोलण्याच्या पद्धतीत, हे त्यावरून बहुतेक वेळा स्पष्ट होईल.