‘स’ अक्षराची नावे : अर्थ आणि नामकरण

बालकाच्या नामकरणापूर्वी “अक्षर कोणते आले?” असा प्रश्न काही बौद्ध घरांतूनही आज विचारला जातो. आंबेनळी घाटाच्या पायथ्यापासून पोलादपूर-महाडपर्यंतच्या मुलखात तरी या प्रश्नाचा थांबून विचार व्हावा, असे आम्हांस वाटते. कारण नाव आणि ही भूमी यांचा संबंध फार निकटचा आहे. प्रस्तुत लेखात आम्ही उदाहरणादाखल ‘स’ हे एकच अक्षर घेत आहोत.

प्रथम हे अक्षर ‘येते’ कोठून ते पाहू. पंचांगातील अवकहडा चक्रात २७ नक्षत्रांचे प्रत्येकी ४, असे १०८ चरण कल्पून प्रत्येकास एक अक्षर वाटून दिले आहे. शततारकेच्या शेवटच्या ३ चरणांस सा, सी, सू आणि पूर्वा भाद्रपदेच्या पहिल्या २ चरणांस से, सो ही अक्षरे आहेत. त्या वेळी जन्मलेल्या बालकाचे नाव ‘स’वरून ठेवावे, असा हा संकेत. परंतु याच चक्रात आर्द्रेच्या एका चरणास ङ, हस्ताच्या एका चरणास ण आणि उत्तरा भाद्रपदेच्या एका चरणास ञ हे अक्षर आहे. या अक्षरांनी आरंभ होणारे नाव मराठीत कोण ठेवील? तेथे दुसरे अक्षर घ्यावेच लागते. जो नियम अडचण येताच बाजूस ठेवता येतो, त्यावर बालकाचे भवितव्य अवलंबून नसते, हे उघड आहे. शुभ नक्षत्राच्या नादी लागल्याने ठरलेला विवाह हातचा गेला, ही नक्खत्त जातकातील कथाही हेच शिकविते.

नामकरणाचा दुसरा एक नियम याहून कठोर होता. ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे जुगुप्सित, म्हणजे तिरस्कार सुचविणारे असावे, असे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. शूद्राच्या नावातून दास्य सूचित व्हावे, असेही तेथेच पुढे म्हटले आहे. बालक पाळण्यात असतानाच त्याची पायरी ठरविणारा हा ग्रंथ परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी जाळण्यात आला, तो महाड येथेच. चवदार तळ्याच्या पाण्याइतकाच सुंदर नावावरही आपला हक्क आहे, हा त्या घटनेचा एक अर्थ होय.

आता ‘स’कडे वळू. १९५७ साली प्रकाशित झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात बाबासाहेबांनी दीनदलितांच्या धम्मदीक्षेच्या कथा दिल्या आहेत. त्यांतील अनेक नावे ‘स’ने सुरू होतात, हा योगायोग लक्षणीय आहे. सुनीत हा राजगृहाचा सफाई कामगार. नावाचा अर्थ ‘योग्य मार्गाने नेलेला’. सुमंगल हा श्रावस्तीचा शेतकरी. सुप्रबुद्ध हा कुष्ठरोगी. नावाचा अर्थ ‘पूर्ण जागृत झालेला’. स्मशानरक्षकाचा पुत्र सुप्पिय, म्हणजे ‘अत्यंत प्रिय’. याच सुप्पियाबरोबर वाढलेल्या बालकास मात्र स्वतःचे नावच नव्हते. लोक त्याला जातीच्या नावाने, ‘सोपाक’ म्हणून ओळखीत. संस्कृतातील ‘श्वपाक’ तो हाच. त्या बालकाला तथागतांच्या संघात स्थान मिळाले. थेरगाथेत सोपाक थेरांच्या नावे गाथा आहेत.

यावर कोणी विचारील, हीन नावानेही मनुष्य थोर होत असेल, तर नावाचा एवढा विचार कशाला? प्रश्न योग्य आहे. मनुष्य कर्माने थोर होतो, नावाने नव्हे, हे आम्हांस मान्यच आहे. परंतु नाव ही समाजाने मारावयाची हाक आहे. त्या हाकेत तिरस्कार असावा की आदर, हे आता आईवडिलांच्या हाती आहे.

निवडीसाठी नावे विपुल आहेत. सिद्धार्थ म्हणजे ज्याचा हेतू सिद्ध झाला तो. सुगत हे बुद्धांचेच एक विशेषण. सुमेध म्हणजे उत्तम बुद्धीचा. दीपंकर बुद्धांच्या काळी बोधिसत्त्वांचे हेच नाव होते. मुलींसाठी उरुवेलेची सुजाता, अनाथपिंडिकाची कन्या सुमना आणि बोधिवृक्षाची शाखा श्रीलंकेस नेणारी अशोककन्या संघमित्रा ही नावे आहेत. समता, संबोधी, सम्यक ही विचारवाचक नावेही सुंदरच. सारिपुत्र हे नाव तर आईवरून, रूपसारीवरून पडले. ‘संघरक्षित’ हे नाव महाडजवळच्या प्राचीन लेण्यांतील ब्राह्मी लेखांत ‘सघरखित’ या प्राकृत रूपात कोरलेले आहे. म्हणजे ही नावे या मातीस नवी नाहीत. ती येथे परतली आहेत.

आमची सूचना एवढीच : अक्षर आवडीने घ्यावे, भीतीने नव्हे. नावाचा अर्थ आधी समजून घ्यावा. जन्मनोंद करताना ऱ्हस्वदीर्घ तपासावेत, म्हणजे पुढे शाळेच्या दाखल्यात घोटाळा होत नाही. आणि त्रिशरण-पंचशीलानंतर बौद्धाचार्य नाव जाहीर करतील, तेव्हा त्याचा अर्थही त्यांनी दोन वाक्यांत सांगावा. बालक मोठे होऊन “माझे हेच नाव का?” असे विचारील, तेव्हा घरातील प्रत्येकास उत्तर देता आले पाहिजे.