बोंडअळीचा खर्च कोणाच्या मजुरीतून?

आमच्या घाटंजी भागात कापूस वेचाईची मजुरी किलोवर मिळते. गुलाबी बोंडअळी पडली की बोंड उमलत नाही, कवडी कापूस टोकरून काढावा लागतो. दिवस तेवढाच जातो, वजन मात्र घटते. शेतमालकाचे नुकसान पंचनाम्यात येते, भरपाई हेक्टरी निघते. ज्या बाईच्या नावावर सातबारा नाही, तिच्या बुडालेल्या मजुरीला त्या कागदावर रकानाच नाही!

अळी बोंडाच्या आत असते, वरचे औषध तिला लागत नाही. बीटी बियाण्यालाही ती आता दाद देत नाही. मग भीतीपोटी फवारे वाढतात. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले.

1842 साली भडोचच्या कापसावर नोंदलेली ही अळी 1917 मध्ये अमेरिकेत पोचली. तेथे शेतकऱ्यांनी वर्गणी भरली, सरकारने पैसा घातला, विमानातून वांझ पतंग सोडले, वेचणीनंतर पऱ्हाट्या गाडल्या. 2018 साली अळी संपल्याचे जाहीर झाले. शंभर वर्षे लागली, हेही खरे.

आपल्याकडे एकाने पऱ्हाटी उपटली आणि शेजाऱ्याने चार पैशांसाठी फरदड ठेवली, की पतंग धुरा ओलांडून येतोच. डिसेंबरअखेर साऱ्या गावाचे रान मोकळे व्हावे. फुलोऱ्यातल्या डोमकळ्या तोडणे तर हाताचेच काम. औषधाचा पैसा त्या मजुरीत जावा, ही मागणी बंधू-भगिनींनी ग्रामसभेत मांडावी. लहान शेतकऱ्याचे फरदडीचे पैसे बुडतील, ते सरकारने द्यावेत. अळी आल्यावर वाटायच्या भरपाईपेक्षा ते स्वस्त पडेल, असे आम्हांस वाटते.