मोडली डोलकाठी, पण…

जत्रेतल्या तंबूचा मधला खांब आठवा. चहूबाजूंनी दोर ताणलेले, म्हणून तो उभा! शिडाच्या नौकेची डोलकाठीही अशीच पोलादी दोरांच्या आधारावर उभी असते.

सप्टेंबर २०१८. जुन्या धाटणीच्या नौकांतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायची 'गोल्डन ग्लोब' शर्यत चालू होती. भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेल्या 'तुरीया' नौकेवर होते. २१ तारखेला हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळाने तिला उलटंपालटं केलं. डोलकाठी मोडली. टॉमींच्या पाठीच्या कण्याला जबर मार बसला. उठताही येईना!

त्याच वादळात आयर्लंडच्या ग्रेगर मॅकगुकिन यांच्या नौकेच्याही डोलकाठ्या मोडल्या. अशा वेळी करायचं काय? आधी दोर तोडून मोडकी काठी समुद्रात सोडायची. नाहीतर लाटांबरोबर आपटून तीच नौकेला भोक पाडते! मग उरलेल्या वाशाची कामचलाऊ काठी उभारायची, दोर ताणायचे आणि छोटं शीड बांधायचं. वेग कमी, पण नौका चालते. ग्रेगरनी तशी काठी उभारली आणि नौका वळवली कुठे? जखमी टॉमींच्या दिशेने!

२४ सप्टेंबरला 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने टॉमींना वाचवलं, मग ग्रेगरनाही.

टॉमींच्या कण्यात टायटॅनियमच्या सळया बसवाव्या लागल्या. ते पुन्हा चालायला शिकले आणि २०२२-२३ च्या त्याच शर्यतीत दुसरे आले! आपलं जालना लोखंडी सळयांचं गाव. पण सळई नुसती इमारतच उभी करते असं नाही, बरं का!