प्रवेश रद्द केला तर फी बुडाली?

बारावीचा निकाल लागला की कर्जत-खालापूरच्या घराघरांत एकच विषय असतो : पुढचा प्रवेश. नेरळ-भिवपुरीपासून खोपोलीपर्यंत आता पर्यायही कमी नाहीत. मुंबई विद्यापीठाशी संलग्न कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयं आहेत, अभियांत्रिकी आहे, आयटीआय आहे आणि खासगी विद्यापीठही आहे. पण निर्णय मात्र बहुतेकदा लोकलमधल्या गप्पांवर, नाही तर ‘आपल्या ओळखीचा माणूस आहे’ या भरवशावर होतो. या संस्थांना लागू असलेले नियम वेगवेगळे आहेत. त्यामुळे आयटीआयवाल्याचा अनुभव अभियांत्रिकीवाल्याच्या कामाचा नसतो.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज म्हणजे एकदा भरलेली फी परत मिळत नाही. समजा, एका मुलाने हातची जागा जाऊ नये म्हणून जुलैत कर्जतला बीएस्सीला प्रवेश घेतला आणि कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, पुढच्या फेरीत त्याला पनवेलला अभियांत्रिकी मिळालं. घरचे म्हणतात, ‘जाऊ दे, ते पैसे गेले.’ ते गेलेले नसतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर 2018 मध्ये परताव्याचं कोष्टकच जाहीर केलं. प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या 15 किंवा अधिक दिवस आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत मिळते. त्यातून प्रक्रिया शुल्क म्हणून फार तर 5 टक्के, तेही 5,000 रुपयांच्या आतच कापता येतं. त्यानंतर 90, 80 आणि 50 टक्के अशी उतरती भाजणी आहे. अंतिम तारीख उलटून 30 दिवस झाले, की मग काहीच नाही. 2024-25 साठी आयोग आणखी उदार झाला होता : 30 सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा आणि 31 ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त 1,000 रुपयांची कपात. दर वर्षीच्या तारखा बदलू शकतात, त्यामुळे त्या वर्षीचं परिपत्रक पाहायलाच हवं. आणि अर्ज लेखी हवा, त्याच्या प्रतीवर आवक शिक्का हवा. खिडकीवर तोंडी सांगून आलेल्याचा प्रवेश रद्द झाल्याची नोंद कुठेच नसते.

मूळ गुणपत्रिका आणि दाखले कॉलेजातच ठेवावे लागतात, ही याच माळेतली दुसरी समजूत. त्याच 2018च्या अधिसूचनेनुसार महाविद्यालयाने मूळ कागद तपासून लगेच परत करायचे असतात आणि स्वतःकडे फक्त साक्षांकित प्रती ठेवायच्या असतात. शाळा सोडल्याचा दाखलाही यात येतो. कर्जतच्या वाड्यांमधल्या ठाकूर-कातकरी मुलांसाठी ही बाब फार मोलाची आहे. जातीचा दाखला मिळवायलाच घरच्यांनी तहसील कचेरीत खेटे घातलेले असतात. तो कुणाच्या कपाटात अडकून पडला, तर पुढचा प्रत्येक अर्ज अडतो.

आता फीची पावती. ती बहुतेक घरांत घडी घालून डब्यात जाते, वाचत कुणी नाही. शिकवणी शुल्क, परीक्षा शुल्क, विकास शुल्क, ग्रंथालय, जिमखाना, ओळखपत्र आणि अनामत अशी ती उतरंड असते. यातली अनामत परत मिळणारी रक्कम आहे. कित्येक जण शेवटच्या वर्षानंतर ती मागायला जातच नाहीत. पावती हरवली, की मागायचं धाडसही होत नाही.

याच पावतीवरून ‘मुलींना आता सगळं मोफत’ या बातमीची खरी बाजूही कळते. 8 जुलै 2024च्या शासन निर्णयाने माफ झालं ते शिकवणी आणि परीक्षा शुल्क. तेही व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी, कॅपमधून प्रवेश घेतलेल्या आणि कौटुंबिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर ही सवलत नाही. खासगी आणि अभिमत विद्यापीठांतही नाही. वसतिगृह, खानावळ आणि बसचा खर्च घरूनच.

‘कॉलेजने नाहीच ऐकलं तर ग्राहक न्यायालयात खेचू,’ असं छातीठोकपणे सांगणारेही भेटतात. तिथे फारसा आधार नाही. शिक्षण ही विक्रीची वस्तू नाही आणि विद्यार्थी ग्राहक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने महर्षी दयानंद विद्यापीठाच्या प्रकरणात 2010 मध्ये म्हटलं. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2020 मध्ये हाच धागा पुढे नेला, पण खासगी कोचिंग क्लास मात्र ग्राहक कायद्याच्या कक्षेत ठेवले. म्हणून ‘निवडीची हमी’ देणाऱ्या क्लासविरुद्ध 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. कॉलेजसाठी वाट वेगळी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023च्या नियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. तिने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो पटला नाही, तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे दाद मागता येते. अनुदान आयोगाचं ‘ई-समाधान’ पोर्टल आहेच. ही वाट ग्राहक न्यायालयापेक्षा सोपी आहे. वकीलही लागत नाही.

आणि ‘खासगी संस्था आहे, ते कशाला माहिती देतील’ हे तर सपशेल चूक. प्रवेश सुरू होण्याच्या किमान 60 दिवस आधी माहितीपुस्तिका प्रसिद्ध करणं 2023च्या याच नियमांनी बंधनकारक केलं आहे. मंजूर जागा, निवडीची पद्धत, फीचा एकेक घटक, परताव्याची टक्केवारी आणि शिकवणाऱ्यांची पात्रता हे सारं त्यात असायला हवं. पुस्तिकेची किंमत छपाई-वितरणाच्या वाजवी खर्चापेक्षा जास्त ठेवता येत नाही. अनुदानित महाविद्यालयाकडून माहिती अधिकारात 10 रुपयांच्या अर्जावर 30 दिवसांत उत्तर मागता येतं. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्कही सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये मान्य केला आहे.

तेव्हा यंदा घरात कुणी प्रवेश घेणार असेल, तर फी भरण्याआधी ही पुस्तिका मागा, फी आणि परताव्याच्या पानांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि मूळ गुणपत्रिका हातात परत घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.