भ, फ आणि दहा मीटर वायर

"ताई, हॅलो-हॅलो म्हणू नका. कार्यक्रमात जे म्हणणार आहात तेच म्हणा."

दुपारपासून जो येईल त्याला शेठ हेच सांगतोय. जानेवारीचा दुसरा आठवडा आहे. पैठण गेटकडून गुलमंडीकडे जाणाऱ्या टिळक पथावरचं हे दुकान जेमतेम दहा फूट रुंद, आणि आत पाय ठेवायला जागा नाही. १४ जानेवारीला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार दिन, त्याच सुमाराला संक्रांत, मग हळदीकुंकू, शाळांची गॅदरिंगं, पाठोपाठ २६ जानेवारी. वर्षभर कपाटात पडून असलेला माईक साऱ्या शहराला नेमका याच पंधरवड्यात आठवतो. माझा जुना बॉक्स मागच्या दुरुस्तीच्या टेबलावर पोट उघडून पडलाय, तो होईपर्यंत मला कोपऱ्यातलं स्टूल मिळालंय.

काउंटरसमोर मुकुंदवाडीहून आलेली विशी-बाविशीची मुलगी आहे, सोबत तिचा मामा आणि एक धाकटा भाऊ. चौदाला रात्री विद्यापीठाच्या गेटजवळ त्यांच्या गायन पार्टीला गायचंय. काचेवर तीन माईक मांडलेत : शुअरचा एसएम ५८, सेनहायजरचा ई ८३५ आणि अहुजाचा एक. तिन्ही डायनॅमिक, तिन्ही वायरवाले. मुलगी पहिला उचलते, ओठांना टेकवते आणि म्हणते, "जय भीम."

बॉक्समधून ‘जय’ नीट येतं आणि ‘भीम’च्या जागी उशी आपटल्यासारखा धप्प आवाज.

"पुन्हा म्हणा."

पुन्हा धप्प. मामा शेठकडे संशयाने बघतो. "माईक खराब हाय का?"

"माईक ठणठणीत आहे, मामा. हवा आदळू राहिली."

शेठ माईकची गोल जाळी फिरवून काढतो आणि मुलीच्या हातात देतो. आतून काळ्या स्पंजाचं पातळ अस्तर आहे. ‘भ’ म्हणताना, ‘फ’ म्हणताना तोंडातून हवेचा झोत सुटतो, तो थेट माईकच्या पडद्यावर जाऊन थडकतो. जाळी आणि स्पंज थोडा झोत अडवतात, सगळा नाही. या वस्तूंसमोर आपली भाषा उभी राहते ती भीम, फुले, परिवर्तन घेऊन. वारकऱ्यांचीही सुटका नाही. पांडुरंग आणि पुंडलिक दोघेही ‘प’वरच उभे. खोक्यावरच्या आलेखात यातलं काही लिहिलेलं नसतं. त्यावर असतं ५० ते १५,००० हर्ट्‌झ, आणि ते वाचून आपला ‘भ’ फुटणार की नाही हे काही कळत नाही.

शेठ तिचा हात धरून माईक दोन बोटं खाली घेतो, हनुवटीच्या बाजूला, तोंड वर ओठांकडे. "आता म्हणा."

"जय भीम."

स्वच्छ. दुकानातली दोन-तीन अनोळखी माणसंही सवयीने "जय भीम" म्हणून मोकळी होतात.

"म्हंजे माईक चांगला पाह्यजे का धरणं चांगलं पाह्यजे?" मामा विचारतो.

"दोन्ही. पण धरणं फुकट आहे."

तिन्ही माईकवर ती एकेक कडवं गाते. आवाज टिपेचा, पुढे फेकलेला, मोकळ्या मैदानात तयार झालेला. मामाचं ऐकणं निराळं आहे. तो आमच्याकडे पाठ करून दारात उभा राहतो, तोंड रस्त्याकडे. कोणता माईक चालू आहे हे त्याला बघायचंच नाही. तीन कडवी संपल्यावर न वळता बोट वर करतो : "तिसरा."

शेठ हसतो. "मामा, तिसऱ्याचं बटण मी मुद्दाम वर ठेवलं होतं."

ही खोड तो बहुतेक सगळ्यांशी करत असावा, आणि ती करायलाच हवी. दोन आवाजांत जो जरा मोठा, तो कानाला चांगला वाटतो. दुकानातली निम्मी खरेदी या एका फसगतीवर होते. सगळ्या माईकच्या सिग्नलची ताकद सारखी नसते, म्हणून मिक्सरवर तिघांना एका पातळीवर आणल्याशिवाय तुलना करण्यात अर्थ नाही. शेठ बटणं जुळवतो. मामा पुन्हा रस्त्याकडे तोंड करतो. दारातून हॉर्न, फुगेवाल्याची पिपाणी, कोणाची तरी भांडणं, सगळं आत येतंय आणि मामाला त्यातूनच ऐकायचंय. चौदाच्या रात्री तरी कुठे शांतता असणार! या खेपेला तो ‘पहिला’ म्हणतो आणि थोडं थांबून, "तिसराबी चालंल."

पहिला म्हणजे शुअर. १९६६ सालापासून बाजारात असलेला हा माईक जगभरच्या स्टेजवर दिसतो. त्याचं एक कारण असं, की स्वर आणि व्यंजनं उठून दिसतील अशा बेताने तो वरच्या पट्टीला थोडी धार देतो आणि खालची घरघर कापतो. तरी तिच्या आवाजाला ती धार किंचित जास्त होतेय असं मला वाटतं. मला कोणी विचारत नाही.

तेवढ्यात धाकटा भाऊ माईक हिसकावतो. त्याला रॅप करायचंय. तो जाळी मुठीत गच्च पकडून तोंडाशी नेतो आणि बॉक्स अशी शिट्टी मारतो की बाहेरचा फुगेवालाही वळून बघतो. शेठ आधी आवाज पाडतो, मग त्याची मूठ सोडवतो. जाळीच्या तळाशी, कॅप्सूलच्या मागच्या अंगाला छोट्या खिडक्या असतात. तिथून शिरलेला आवाज समोरून आलेल्याशी झगडतो, म्हणून असला माईक पाठीमागचं जवळपास ऐकत नाही. मूठ आवळली की खिडक्या बंद, माईक चहूबाजूंनी ऐकायला लागतो, बॉक्सचा आवाज परत त्याच्यात शिरतो, तिथून परत बॉक्समध्ये. माईकचा धंदा एवढाच आहे, की गाणाऱ्याचं घ्यायचं आणि बॉक्सचं नाही. मुठीने तो बंद पाडायचा आणि मग माईकला शिव्या घालायच्या, हे गल्लोगल्लीच्या ऑर्केस्ट्रात रोज चालतं.

"कॉर्डलेस नको का घ्यायला?" मुलगी विचारते. "फिरता येतं."

"चौदाला गेटवर स्टेजला लागून स्टेज असतात ना?"

"हौ."

"सगळ्यांकडं कॉर्डलेस. एकाच फ्रीक्वेन्सीवर दोघं आले, की तुमच्या बॉक्समधून शेजारच्याचं भाषण. वायर अशी दगा देत नाही."

मामाला हे लगेच पटतं. १९७८ च्या ठरावापासून १९९४ च्या १४ जानेवारीपर्यंत विद्यापीठाच्या नावासाठी जी सोळा वर्षं गेली, त्यातली मागची काही त्याने गाऊन काढलीत. "आमच्या टायमाला माईक सगळ्यांत एक," तो शेठला सांगतो, "अन्‌ तोबी पुढाऱ्याच्या हातात." त्यामुळे तो अजूनही माईकपासून वीतभर लांब उभा राहून गातो. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनी पडतो, मग बटण वर करावं लागतं, आणि बटण वर गेलं की शिट्टी. भाचीला चिकटून गायची सवय, मामाला लांबून. चिकटून गायलं की आवाजाचा खर्ज फुगतो. तिच्या पातळ आवाजाला तो भरीव करतो, मामाच्या मूळच्या भरीव आवाजाचा मात्र गोळा होईल. एकाच माईकवर दोघं गाणार, म्हणजे मिक्सरवाल्याचा हात सतत बटणावर.

दारातून धोतर-टोपीतले एक बुवा आत येतात. पैठणच्या अलीकडच्या कुठल्या गावचे, भजनी मंडळाचे. त्यांच्या पिशवीतून हुबेहूब एसएम ५८ निघतो. नाव छापलेलं, खोकंसुद्धा तसंच.

"दोन हजारात भेटला. पण आवाज पिपात बोलल्यावाणी येऊ राहिला."

शेठ काही बोलत नाही. एका हातात बुवांचा, एका हातात आपला घेतो, तोलतो आणि दोन्ही घेऊन शेजारच्या सुकामेव्याच्या दुकानात जातो. मीही मागोमाग. काजूच्या परातीशेजारी काट्यावर दुकानातला माईक तीनशेच्या आसपास भरतो. कंपनीच्या कागदावर २९८ ग्रॅम आहे. बुवांचा सव्वादोनशेच्या अलीकडेच थांबतो. अस्सल माईकच्या मुठीत छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, वजन त्याचंही असतं. नक्कल करणारे तो बहुधा गाळतात. काहीजण आत वजन भरूनही देतात म्हणे, त्यामुळे काट्यावर पास झाला म्हणजे खरा, असं नाही. नापास झाला तर मात्र बोलायला जागा उरत नाही. सुकामेवावाला विचारतो, "कितीला लावला किलो?"

परत आल्यावर दुरुस्तीच्या टेबलावरचे उस्ताद बुवांना जवळ बोलावतात. पांढरी दाढी, भिंगाचा चष्मा, हातात सोल्डरिंगची बंदूक. "मशीन कौनसा है, बाबा? पीछू पिन कौनसी लगती?"

बुवा बोट आणि अंगठा जुळवून जाडी दाखवतात. पी-३८. जुन्या ॲम्प्लिफायरला मागे तेवढंच भोक.

इथे उस्ताद खुलतात. ते एक वायर सोलून बुवांसमोर धरतात. बाहेर तांब्याची जाळी, आत दोन तारा. डायनॅमिक माईकमध्ये पडद्याला चिकटलेली गुंडाळी लोहचुंबकाशी हलते आणि त्यातून जेमतेम दीड-दोन मिलिव्होल्टचा सिग्नल निघतो. एवढ्याशा जिवाला शेजारून गेलेली लाइटची वायरही छळते. म्हणून तीन टोकांच्या कॅनन पिनमध्ये एका तारेवर सुलटा सिग्नल, दुसरीवर उलटा. वाटेत जी घूं शिरते ती दोन्हींवर सारखीच. मशीन दोन्हींतला फरक तेवढा घेतं, त्यात सारखं असलेलं गळून जातं. वीस-तीस मीटर वायर टाकली तरी बिघडत नाही.

"अन्‌ पी-३८?"

"उसमें दोइच टोकां. एक तार गई, फायदा गया. पाँच-सात मीटर के ऊपर नक्को."

बुवांना हे खरोखर कामाचं सांगणं आहे. त्यांच्या देवळात मशीन गाभाऱ्याच्या बाजूला आणि कीर्तनकार सभामंडपाच्या दुसऱ्या टोकाला. एवढ्या लांब दोन टोकांची वायर ओढल्यावर कितीही महागाचा माईक घेतला तरी घूं येणारच. उस्तादांचं म्हणणं, मशीन सरकवा, नाहीतर कॅनन पिनचा छोटा मिक्सर आधी घ्या. माईकचं नंतर बघू. शेठच्या चेहऱ्यावरून एक गिऱ्हाईक गेल्याची सावली सरकते, पण तो आड येत नाही. बुवा पिशवी आवरतात. भजनाला दोन हजारांच्या आसपासचा अहुजा चांगला चालतो, तोच शिमग्यानंतर, नाथषष्ठीच्या आधी नेईन, असं सांगून जातात.

मध्येच एक शिक्षिका येऊन बटणवाला माईक मागतात आणि पाच मिनिटांत घेऊन जातात. त्यांचं बरोबर आहे. सूत्रसंचालकाला बटण लागतं, नाहीतर पडद्यामागची कुजबुज पालकांना ऐकू जाते. गाणाऱ्याला तेच बटण नको, ऐन तानेत अंगठा लागतो. वाळूजहून आलेला एक कामगार मंडळाचा माईक टाकून जातो. तो घरघरतोय. उस्ताद जाळी काढून चिकटपट्टीने पडद्यावरून काहीतरी अलगद उचलतात आणि मला दाखवतात. लोखंडाचा कीस, केसाहून बारीक. कारखान्याच्या शेडमध्ये सत्यनारायण केला, आतल्या चुंबकाने आपलं काम केलं.

इकडे काउंटरवर हिशेब आलाय. पार्टीकडे दहा हजार आहेत. शुअर घेतला तर तेवढ्यात कसाबसा बसतो, मग वायर जुनी, स्टँड कोणाचा तरी मागून.

"जुनी वायर आणली का?"

भाऊ सॅकमधून काढतो. प्लगजवळ निळी चिकटपट्टी, तिच्यावर काळी, तिच्यावर पुन्हा निळी. शेठ ती जोडून प्लगजवळ नुसती हलवतो. खर्र, खर्र.

"या वायरवर शुअर लावा, नाहीतर सोन्याचा लावा."

तिघं बाजूला जाऊन कुजबुजतात. मुलीला नावाचा माईक हवाय, ते दिसतंच. फोटोत तोच येतो, आणि पार्ट्यांच्या जगात फोटो ही काही किरकोळ गोष्ट नाही. मामा तिला पुन्हा एकदा तिसरा हातात देतो. ती डोळे मिटून, हनुवटीशी धरून, अर्धं कडवं गाते. ‘फुले’ येतात आणि फुटत नाहीत. वरच्या सुरावर आवाज टोचत नाही, तो पहिल्यावर जरा टोचत होता. मघाशी मला जे वाटलं ते तिलाही वाटलं असावं. नाहीतर तिने फक्त उरलेल्या पैशांचा हिशेब केला असेल.

"हाच द्या. दोन द्या," ती म्हणते. "एक मामाला. त्यांचं अन्‌ माझं बटण येगळं ऱ्हाईल."

हे शेठलाही सुचलं नव्हतं. दोन माईक, दोन स्टँड, दहा-दहा मीटरच्या दोन नव्या वायरी. उस्ताद तिथेच पिना जोडायला घेतात : एकवर जाळी, दोनवर सुलटी, तीनवर उलटी. मामा टाक्यागणिक वाकून बघतोय. बिलावर पार्टीचं नाव घालायचं की मामाचं, यावर वाद. माईकच्या चिमट्याचे पैसे वेगळे कामून, यावर आणखी एक. शेठ चिमटे फुकट देतो आणि जुन्या वायरीचे प्लग ठेवून घेतो.

"चौदाला या मग ऐकायला," मामा जाता जाता म्हणतो.

"चौदाला?" शेठ गल्ला बंद करत म्हणतो. "चौदाला रात्री अकरापर्यंत दुकान उघडं ठेवतो मी. कोणाचा ना कोणाचा बंद पडतोच."